‘तुम्हांला इतिहासच नाही!’

मुलांनो, समजा, शाळेतलं इतिहासाचं पुस्तक तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंत आणि त्यात तुमची माणसं कुठेच नाहीत! ना राजा, ना कारागीर, ना गवई, ना लढवय्या. एका धड्यात फक्त दोन ओळी : यांना गुलाम म्हणून आणलं, मग मुक्त केलं. बस्स, संपलं! कसं वाटेल तुम्हांला?

अमेरिकेतल्या काळ्या मुलांचं कित्येक पिढ्या असंच होत आलं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. जहाजांत कोंबून त्यांना अटलांटिक महासागरापलीकडे नेलं आणि विकलं. साडेतीनशेहून अधिक वर्षं हा व्यापार चालू होता. त्यात सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली. त्यांतली जवळजवळ १८ लाख वाटेतच मेली.

आज ज्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे, त्या आर्तुरो शोम्बर्ग यांचीच गोष्ट घ्या ना. १८७४ साली पोर्तो रिको बेटावर त्यांचा जन्म झाला. ते शाळेत असताना एका शिक्षकांनी सांगितलं, की काळ्या लोकांना इतिहास नाही आणि थोर माणसंही नाहीत. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. पुढे ते न्यू यॉर्कला आले. बँकेत नोकरी करता करता त्यांनी आपल्या लोकांविषयीची पुस्तकं, पत्रं, चित्रं गोळा केली. हजारोंच्या संख्येनं! १९२६ साली हा संग्रह न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला. त्यांच्या नावाचं हे अभ्यासकेंद्र आजही हार्लेम या वस्तीत आहे.

दुसरे कार्टर वुडसन. आई-वडील पूर्वी गुलाम होते. घरची गरिबी, म्हणून वुडसन कोळशाच्या खाणीत राबले आणि हायस्कुलात गेले तेव्हा वीस वर्षांचे होते! पण पुढे १९१२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी काळ्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. १९७६ पासून सप्ताहाचा महिना झाला. तो आजही साजरा होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला की! नाही हो. सप्ताह झाला, पण बहुतेक कॉलेजांत हा विषय पदवीसाठी नव्हताच.

तो मिळवला विद्यार्थ्यांनी. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ रोजी काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं संप पुकारला. आमच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग हवा आणि आमच्या मुलांना जास्त प्रवेश हवेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मूळचे मेक्सिकोचे, आशियातले आणि अमेरिकेतले आदिवासी विद्यार्थीही सोबत आले. पोलीस आले, लाठ्या बसल्या. जानेवारीत एका दिवसात ४०० हून जास्त जणांना अटक झाली. शिक्षण सुटेल, तुरुंगात जावं लागेल, ही भीती होतीच. तरी संप साडेचार महिने टिकला. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली आणि विभाग मंजूर झाला. या विषयाचा तो अमेरिकेतला पहिला विभाग मानतात. मात्र तो उभारण्यासाठी बोलावलेल्या नेथन हेअर या प्राध्यापकांना कॉलेजानं पुढे ठेवून घेतलं नाही. पुढे अनेक विद्यापीठांत असे विभाग निघाले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात तर १९८८ साली या विषयात डॉक्टरेटचीही सोय झाली.

या विभागांत शिकवतात तरी काय? फक्त गुलामगिरी नाही बरं का! १३२४ साली मक्केच्या यात्रेला निघालेला मालीचा सम्राट मन्सा मुसा, टिंबक्टूची जुनी हस्तलिखितं, गुलामांनीच लढून १८०४ साली स्वतंत्र केलेला हैती देश, जॅझ संगीत, कथा-कादंबऱ्या, सगळं त्यात येतं. साध्या शब्दांतही इतिहास दडलेला असतो. भेंडीला अमेरिकेत ‘ओक्रा’ म्हणतात ना? तो शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आला!

अभ्यासाची रीतही शिकण्यासारखी आहे. जहाजांच्या जुन्या नोंदींत बहुधा माणसांची नावं नसतात, नुसते आकडे असतात. मग त्यांचं मन कसं कळायचं? १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेत २,३०० हून अधिक वृद्ध माणसांच्या मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. ही सगळी लहानपणी गुलाम होती. आज विद्यार्थी त्या वाचतात आणि विचारतात : मुलाखत घेणारा बहुधा गोरा असताना, म्हातारी आजी मनातलं सगळं बोलली असेल का?

आफ्रिकेतून बाहेर पडलेली माणसं आपल्याकडेही आली. मलिक अंबर तुम्हांला ठाऊक आहेच. जन्म इथिओपियात, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पण पुढे निजामशाहीचा वजीर झाला! मुरूडचा जंजिरा सांभाळणारे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे.

आणि आई-बाबा, ‘हे शिकून पुढे काय?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. योग्यच आहे तो! असं शिकलेली माणसं शिक्षक होतात, पत्रकार, वकील होतात, संग्रहालयांत काम करतात. पण त्याआधी ती एक प्रश्न विचारायला शिकतात : या गोष्टीतून कोण गाळलं गेलंय?

मुलांनो, तोच प्रश्न तुमच्या इतिहासाच्या पुढच्या धड्याला विचारून पाहा. किल्ला राजानं बांधला, असं लिहिलेलं असेल. मग दगड कुणी वाहिले? त्यांची नावं सापडतात का, ते शोधायला लागा!