हरणाचा कान आणि मिठाचं पोतं

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणांचे चार देखावे आहेत, प्रत्येक ऋतूचा एक. कारागीर कार्ल एकली यांनी ते 1902 साली पूर्ण केले. त्यासाठी सुमारे चार वर्षं लागली. झाडांची मेणाची पानंच 17 हजारांच्या घरात होती, आणि त्यात पत्नी डिलिया यांच्या हातांचा वाटा मोठा होता. येणारे लोक पानं आणि बर्फ पाहून थक्क होतात. टॅक्सिडर्मीच्या, म्हणजे मेलेले प्राणी जिवंतासारखे जतन करण्याच्या धंद्यातली माणसं मात्र आधी हरणांचे कान, पापण्या आणि ओठ न्याहाळतात. काम कच्चं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

पूर्वी कातडीत पेंढा कोंबून प्राणी ‘भरले’ जात. एकलींनी सांगाड्याच्या आधारावर मातीत स्नायू घडवले, त्यांचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यातून हलकं पोकळ धड काढलं आणि त्यावर कातडी चढवली. आजच्या अमेरिकन कारागिराला फोमचं धड तयार मिळतं. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर कळवला की मापाचं धड घरी येतं. शिल्पकाराचे कष्ट त्यामुळे वाचले. कातडीचे तसूभरही कमी झाले नाहीत.

त्यातला सर्वांत हट्टी भाग म्हणजे कान. वरची कातडी आतल्या कूर्चेपासून अगदी टोकापर्यंत सोडवून कान उलटा करावा लागतो. पाठीकडची कातडी बऱ्यापैकी निघते. आतल्या बाजूची इतकी पातळ असते की बोटाचा दाब थोडा चुकला तरी फाटते. मग कूर्चा काढून तिच्या जागी प्लास्टिकची पाती बसवायची. हे टाळून कूर्चा तशीच ठेवली, तर वाळताना ती आक्रसते आणि कानाची कड सुरकुतून आत वळते. जिवंत हरणाचा सगळा सावधपणा कानांत असतो. कान बिघडले की बाकीचं डोकं कितीही सुरेख असो, जनावर मेलेलंच दिसतं.

कानाचं दुसरं दुखणं म्हणजे केस झडणं. प्राणी मेल्यावर जंतू कातडीच्या वरच्या थरावर काम सुरू करतात, केसांची मुळं सैल होतात आणि पुढे कधीतरी चिमटीत पुंजकाच हाती येतो. कान, ओठ आणि पापण्यांजवळ मांस व कूर्चा राहते, म्हणून सडण्याची सुरुवात तिथून होते. उपाय जुनाच आहे: कातडी लवकर थंड करायची, मांस-चरबी खरवडायची, ओठ चिरून उघडायचे आणि प्रत्येक घडीत बारीक मीठ चोळायचं. ओलं झालेलं मीठ झटकून दुसऱ्या दिवशी नवं घालायचं. त्यानंतर आम्लाच्या पाण्यात बुडवणं, तासून पातळ करणं आणि मग तुरटीने किंवा तत्सम रसायनाने कमावणं.

भोकं त्यामानाने सोपी. गोळीचं गोल छिद्र तसंच शिवलं तर चुणी पडते, म्हणून ते कापून लांबट करतात आणि आतल्या बाजूने जवळजवळ टाके घालतात. टाक्यात एकही केस अडकू द्यायचा नाही. हिवाळ्यातली दाट, करडी लव अशी शिवण झाकून टाकते. उन्हाळ्यातल्या आखूड, तांबूस केसांत मात्र प्रत्येक टाका दिसतो. टक्कल पडलंच, तर त्याच ऋतूतल्या दुसऱ्या कातडीचा तुकडा केसांची दिशा जुळवून लावावा लागतो.

सगळ्यात फसवा दोष दिसतो कातडी चढवून झाल्यावर. वाळणारी कातडी आकसते. डोळ्यापुढची खाच, नाकपुड्या, मानेचे खळगे अशा खोलगट जागी ती धडापासून सुटते आणि ढोलाच्या चामड्यासारखी ताणून बसते. त्या खाचांत टाचण्या टोचून ठेवतात. कान पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत धरतात. पहिले काही दिवस कारागीर रोज डोकं तपासतो आणि उचललेला भाग बोटाने परत दाबतो. पूर्ण वाळल्यावर दोष लक्षात आला, तर ती जागा ओल्या कापसाने मऊ करून सुईने आत खळ सोडता येते. पण कातडी मुळात जाड राहिली असेल किंवा फोमचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडलेला नसेल, तर ती पुन्हा सुटते. ओठांच्या फटी आणि पापण्यांच्या चिरा इपॉक्सीने भरून रंगवता येतात. सडलेल्या कातडीचे केस मात्र कशानेच परत चिकटत नाहीत.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज शिकारीच्या हरणाचा प्रश्नच उरलेला नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून डॉ. संतोष गायकवाड यांनी उभं केलेलं टॅक्सिडर्मी केंद्र चालतं. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. गायकवाड वाघ, सिंह, बिबटे असे मरण पावलेले प्राणी अभ्यासासाठी जपतात. आपल्याकडे दमट उष्ण हवेत जंतूंना फार वेळ लागत नाही, आणि प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याचं शवविच्छेदन आधी होतं. ते चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. पण ज्या प्राण्याची कातडी जपायची परवानगी मिळण्यासारखी आहे, त्याच्यासाठी शीतपेटी रिकामी ठेवणं, छेद पोटाच्या मध्यरेषेवरून घेणं आणि मिठाचं पोतं हाताशी असणं, एवढं प्रत्येक प्राणीसंग्रहालयाला आजही जमण्यासारखं आहे. त्यांनी ते करावं.