विंचवाचा बिल्ला आणि मागचे चाक

गोल्फ जीटीआय ही हॉट हॅच, म्हणजे छोट्या अंगातली ताकदवान गाडी, मे २०२५ मध्ये भारतात आली आणि किंमत निघाली ५२.९९ लाख, तीही शोरूमची. आरटीओ आणि विमा वेगळा. एवढे सगळ्यांना पाठ आहे. गंमत त्याआधीची. बुकिंग करायचे तर कंपनीने आधी प्रश्नमंजूषा ठेवली होती, जीटीआय म्हणजे काय हे कळणाऱ्याच्याच हाती गाडी जावी म्हणून. पहिल्या तुकडीच्या १५० गाड्या किंमत कळण्याआधीच संपल्या. किंमत कळली तेव्हा तिचा धक्का मी पाहिला तो पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात. मालकाने त्याच कंपनीच्या जुन्या पोलो जीटी टीएसआयच्या काचेवरची किमतीची चिठ्ठीच काढून टाकली. "आता आकडा गिऱ्हाइकाने बोलायचा," तो म्हणाला. संध्याकाळी गिऱ्हाइकाने बोललेला आकडा चिठ्ठीवरच्यापेक्षा मोठा होता.

हा उत्साह २०१६ साली कुठे होता? तेव्हा पोलो जीटीआय आली होती. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १९२ अश्वशक्ती, अख्ख्या देशासाठी ९९ गाड्या आणि किंमत २६ लाखांच्या घरात. लोक यायचे, गाडीभोवती चक्कर मारायचे आणि विचारायचे, "मागचे दरवाजे कुठायत?" ते नव्हतेच. सेल्समन पुढची सीट सरकवून मागे कसे शिरायचे ते दाखवायचा, सोबत आलेल्या आजी नुसती मान हलवायच्या आणि व्यवहार तिथेच मोडायचा. पुढच्याच वर्षी किंमत सहा लाखांनी उतरली. आधी घेतलेल्यांना नातेवाइकांनी किती ऐकवले असेल! आज त्याच मालकांना दलालांचे फोन येतात आणि ते फोन उचलत नाहीत.

माझा जीव मात्र आपल्या रांजणगावला बनलेल्या पुंटो अबार्थवर. ऑक्टोबर २०१५, शोरूम किंमत ९.९५ लाख, १४५ अश्वशक्ती. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरे कुणी देत नव्हते, तरी ती खपली नाही. इंजिन १.४ लिटरचे, म्हणजे १,२०० सीसीच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीला मिळणारी करसवलत हुकली. चाकणच्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन ११९७ सीसीचे होते, ते काही उगाच नव्हे.

आता अबार्थ शोधणारे वाढले, तसे नकली अबार्थही वाढले. अबार्थचा विंचवाचा बिल्ला बाजारात मिळतो, लाल पट्टे मिळतात. साध्या पुंटोवर चढवले की झाले. एक ओळखीचा मुलगा टोकन देण्याआधी मला सोबत घेऊन गेला. विक्रेत्याने आरसी पुढे केली आणि सीसीवर बोट ठेवले : १३६८. मुलाचा चेहरा खुलला. पण साध्या १.४ पेट्रोल पुंटोचीही सीसी तेवढीच! मी कागद बाजूला ठेवला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो. अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक असतात. इथे काळ्या रंगवलेल्या अलॉयच्या आड, कडेने गंज धरलेला ड्रम. विक्रेता जराही गडबडला नाही. "डिस्क काढून ड्रम टाकलेत साहेब, मेंटेनन्स कमी येतो."

पोलोमधली लबाडी जास्त सफाईदार. २०२२ मध्ये तिचे इथले उत्पादन थांबले आणि कमी चाललेल्या पोलोला मागणी आली. मग मीटर मागे फिरवणाऱ्यांचेही फावले. एका गाडीच्या मीटरवर ६२ हजार किलोमीटर होते. सीटचे कापड नवे, स्टिअरिंगला नवे कव्हर, वास नव्या गाडीचा. आमच्या फिटरने स्कॅनर लावला, तर कॉम्प्युटरमध्ये बॅटरी उतरल्याची एक जुनी नोंद सापडली. अशा नोंदीसोबत त्या वेळचे किलोमीटरही जपलेले असतात. ते निघाले एक लाख बारा हजार. ज्याने मीटर फिरवले, त्याने ती नोंद पुसायचे कष्ट घेतले नव्हते.

विम्याचा प्रकार मला अजून बोचतो. विम्याच्या तक्त्यानुसार पाचव्या वर्षी गाडीची घोषित किंमत नव्याच्या निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर ती मालकाने आणि कंपनीने बोलून ठरवायची असते, पण बोलतो कोण? हप्ता कमी बसावा म्हणून लोक एजंट सांगेल तो आकडा मान्य करतात. माझ्या एका मित्राने अबार्थ हौसेने चढ्या भावात घेतली आणि विमा मात्र तसाच ठेवला. घाटात अपघात झाला, गाडी टोटल लॉस ठरली आणि हाती आले मोजलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी. त्याने मोडकी गाडीच ठेवून घेतली आणि टर्बो, सीटा, दिवे एकेक करून विकले. त्यात विम्यापेक्षा जास्त पैसे सुटले. जुनी हॉट हॅच घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो : बाजारभावाचे पुरावे ठेवा, गाडी तपासून घ्या आणि घोषित किमतीसाठी भांडा.

बँकांचेही तेच. त्यांच्या लेखी ती एक जुनी पुंटो किंवा जुनी पोलो, त्यामुळे कर्ज त्या मानानेच मिळते आणि वरचा फरक खिशातून भरावा लागतो. चाकणला नोकरी करणारी पंचविशीतली पोरे, ज्यांनी या गाड्या खऱ्या अर्थाने चालवल्या असत्या, ती इथेच मागे पडतात. गाड्या जातात झाकून ठेवणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये. याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून एका काकांचा व्यवहार मला आवडला. अबार्थ विकायला काढल्यावर ते येणाऱ्यालाच प्रश्न विचारायचे : तेल कुठले घालणार, थंड इंजिन किती वेळाने ताणणार, गाडी पळवणार कुठे, बायपासवर की घाटात? जास्त पैसे देणाऱ्याला त्यांनी सरळ नाही म्हटले. त्याला गाडी नुसती ठेवायची होती. पन्नास हजार कमी घेऊन त्यांनी ती एका तरुण मुलीला दिली, कारण ती रोज चालवणार होती. सह्या झाल्या, चावी दिली, पेढे वाटले. मग काकांनी डिकी उघडली. आत सुट्या भागांचा खोका होता : वर्षानुवर्षे जमवलेले ब्रेक पॅड, सेन्सर, एक कोरा टेललॅम्प. "हे गाडीसोबत नाही हं," ते म्हणाले, "याचे वेगळे पन्नास हजार."

मुलीने घासाघीस न करता दिले.