होयाची वेल : तहान की पिठ्या ढेकूण?

टांगत्या कुंडीतून खाली झुलणारी, मेणासारख्या जाड व तकतकीत पानांची होया ही वेल रुई-कण्हेरीच्या कुळातील आहे. घरोघरी लावली जाणारी ‘होया कार्नोसा’ ही जाती मूळची पूर्व आशियातील. याच प्रजातीची ‘होया वायटीआय’ पश्चिम घाटात आढळते. निसर्गात ही वेल वृक्षाच्या सालीवर वाढते, परंतु बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषत नाही. पावसात भिजून लवकर वाळणारी साल आणि भरपूर हवा यांचीच तिच्या मुळांना सवय असते.

लागवड
भारी मातीत तिची मुळे गुदमरतात. त्यामुळे नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, परलाइट एक भाग व गांडूळखत एक भाग असे भुसभुशीत मिश्रण वापरावे. पूर्वेकडील खिडकीतील उजेड मानवतो. वरचा थर कोरडा झाल्यावरच पाणी द्यावे. फुले गळल्यावर उरणारा दांडा कापू नये. त्याच दांड्यावर पुढील बहर येतो.

फसवे लक्षण
पाने सुरकुतली की वेल तहानलेली आहे असे समजून पाणी वाढवले जाते. पण मुळांवरील पिठ्या ढेकूण रस शोषत असतानाही पाने अशीच दिसतात. वाढीव पाण्याने मुळे कुजतात आणि वेल दगावते. म्हणून पाणी देण्यापूर्वी वेल कुंडीतून अलगद काढून मुळे पाहावीत. त्यांवर पांढरा, कापसासारखा थर असल्यास जुने मिश्रण टाकून द्यावे, मुळे धुवावीत, कुजलेला भाग कापावा आणि वेल नव्या मिश्रणात लावावी.

पानांच्या बेचक्यांतील ढेकूण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावेत. नंतर एक लिटर पाण्यात 5 मि.लि. सौम्य द्रव साबण मिसळून, आधी एका पानावर चाचणी घेऊन, सायंकाळी फवारावे. कापसी पिशवीतील अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात. म्हणून दर 7 ते 10 दिवसांनी तीन-चार वेळा फवारणी करावी.

मुंग्यांचा संकेत
होयाच्या फुलांतून मध टपकतो, त्यामुळे फुलांखालील चिकटपणा स्वाभाविक असतो. मात्र फुले नसताना पाने चिकट होणे, काजळी धरणे व मुंग्यांची रांग लागणे हे पिठ्या ढेकूण किंवा मावा आल्याचे लक्षण होय. रुईवर दिसणारा पिवळा मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यांवरही येतो.

बाल्कनीतील वेलीवर आणखी एक सावधगिरी हवी. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेल्या क्रिप्टोलीमस या मित्रभुंगेऱ्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, पण आकाराने मोठी व चपळ असते. ती ढेकूणच खाते. तिला मारू नये.

रोपवाटिकेतून आणलेली वेल तीन-चार आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी. पिठ्या ढेकूण अनेक वनस्पतींवर जगतात; एका कुंडीतून ते जास्वंदीपर्यंत सहज पोहोचतात.