कुलाब्याची खाकी

१९३० च्या आसपास पेण-रोह्याच्या बाजूचा एखादा पोरगा पलटणीत भरती व्हायला निघाला, की त्याचा प्रवास आगगाडीने नव्हे, पाण्यावरून सुरू व्हायचा. रोह्याला रेल्वे आली ती थेट १९८६ साली. पेणहून धरमतर गाठायचं, तिथून लाँचने मुंबई, मग गाडीत बसून घाट चढायचा आणि पुणे-मिरज करत बेळगाव. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. ‘रायगड’ झाला १९८१ साली. बेळगावात त्याची गाठ पडायची ती जुन्या ११४ व्या मराठा पलटणीशी. १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दहावी बटालियन झाली होती, आणि नवे रंगरूट घडवणं हे तिचं काम होतं.

त्या फेररचनेत एकेकाळी स्वतंत्र असलेल्या सहा पलटणी एका रेजिमेंटच्या छत्राखाली आल्या. १०३ वी पहिली झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी; या पाचवीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ हा किताब होता. कागदावर आकडे बदलले, पण शिपायांच्या तोंडची नावं हटली नाहीत. १०५ वी ही मुळात मुंबई लष्कराची पाचवी, म्हणून ‘काली पाँचवीं’. दुसऱ्या बटालियनला ते नाव पुढेही चिकटून राहिलं. मुंबई लष्कराच्या या जुन्या पाचवीच्या एका तुकडीने १८४० साली बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत महिनोन् महिने वेढा सोसला, आणि पुढच्या वर्षी पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’चा मान मिळाला. लाइट इन्फन्ट्री म्हणजे बिल्ल्यावर बिगूल, भरभर पावलं, आणि चालताना बंदूक खांद्यावर न टेकवता हातात आडवी धरण्याची जुनी रीत.

रेजिमेंटमध्ये दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान असे वर्ग ठरलेले होते. कोकणी म्हणजे सह्याद्रीच्या खालचे. साहेबांच्या भरती-पुस्तिकांत या जातींच्या गुणदोषांची मोठी वर्णनं असत. ती वाचताना हसू आवरत नाही. घोड्यांच्या पारखीचं पुस्तक आणि ही पुस्तकं यांत फारसा फरक नसे.

रंगरूटाच्या अंगावर पहिल्यांदा खाकी चढायची तो प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. खाकी ड्रिलचा सदरा, अर्धी चड्डी, डोक्याला पागोटं, पायात लोखंडी खिळे मारलेले जड बूट. भाताच्या खाचरात वाढलेल्या ज्या पायांना पायताणाचीही सवय नसे, त्यांना पहिले काही आठवडे बूट हाच खरा शत्रू वाटला असेल. मग पट्ट्या. लोकरी कापडाची लांब पट्टी घोट्यापासून गुंडाळायला सुरुवात करायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर सारखा चढवत गुडघ्याखाली आणायचा आणि तिथे नाडीने बांधायचा. सैल राहिली तर कवायतीत सुटून पायात येते, फार आवळली तर पोटरी बधिर होते. ही पट्टी नीट बांधता आली की हवालदाराच्या निम्म्या शिव्या वाचल्या. हातात .३०३ ची ली-एनफिल्ड रायफल, वजन चार किलोच्या घरात, आणि कमरेला सतरा इंची पात्याची संगीन. हलकी मशीनगन आधी लुईस होती. १९३० च्या दशकात हिंदी फौजेने तिच्या जागी व्हिकर्स-बर्थिए घ्यायला सुरुवात केली.

लिहिणं-वाचणं मात्र मराठीत नव्हे. फौजेची सामायिक भाषा उर्दू, आणि तीही रोमन अक्षरांत लिहिलेली. रोह्याच्या शाळेत बाराखडी गिरवलेल्या पोराला इंग्रजी अक्षरांतून उर्दू शिकून परीक्षा द्यावी लागे, तेव्हा कुठे बढतीचं दार उघडायचं. शिपाई, लान्सनाईक, नाईक, हवालदार, मग जमादार, सुभेदार आणि सर्वांत वर सुभेदार-मेजर. त्यापुढची बहुतेक जागा गोऱ्यांची. दसऱ्याला मात्र मराठा पलटणीत शस्त्रं पुजली जायची, आणि त्या दिवशी पलटण खऱ्या अर्थाने आपली वाटत असावी.

गावात परतलेल्या पेन्शनराचा मान याच खाकीतून येई. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली. त्यानंतर कैदेत किती जण दगावले ते वेगळंच. या गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत, असा मजकूर कोरलेल्या दगडी पाट्या कोकणातल्या काही गावांत आजही दिसतात. पाटीवर आकडा असतो, नावं नसतात.

हे झालं ज्यांना दार उघडं होतं त्यांचं. पण याच कुलाबा जिल्ह्यात, रोह्याच्या दक्षिणेला महाडच्या बाजूला, एक अख्खा समाज असा होता ज्याच्या घराघरात फौजेची आठवण होती आणि फौजेत मात्र जागा नव्हती. माझ्या मते दोन युद्धांमधल्या कुलाब्याचा लष्करी इतिहास बेळगावच्या मैदानाइतकाच या बंद दाराशी घडला. मुंबई लष्करात महारांची संख्या एकेकाळी मोठी होती. १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जमातीं’च्या नव्या सिद्धांताने त्यांची भरती थांबली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त लष्करी माणूस गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पण उपयोग झाला नाही. १९१७ साली माणसं कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली; युद्ध सरलं आणि १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो नि वैद्य मरो.

पेन्शनर मात्र होते. महाड, दासगाव, दापोली या पट्ट्यात सुभेदार-जमादारांची वस्ती होती, आणि त्या घरांत लिहिणं-वाचणं, टापटीप, वेळेची शिस्त पलटणीतूनच आलेली होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर कोरेगावच्या, महार शिपायांचीही नावं कोरलेल्या युद्धस्तंभाशी गेले, आणि मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे तिच्यामागचे मोठे धडपडे कार्यकर्ते. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी बंद झालेल्या लष्करभरतीचा प्रश्न मांडला. २० मार्चला लोक रांगा धरून अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि परतले. त्यानंतर गावात प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्या प्रतिनिधींमध्ये युद्ध पाहिलेली माणसं होती. आंबेडकरांचा एक शब्द पुरला असता. तो शब्द त्यांनी दिला नाही आणि ती माणसं थांबली. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेसाठी ते बोटीने दासगावला उतरले आणि महाडपर्यंत सगळे मिरवणुकीने पायी गेले. स्वयंसेवकांचं समता सैनिक दल उभं राहिलं तेही याच वर्षी.

तो काळच गणवेशांचा होता. ना. सु. हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवादल कर्नाटकात कवायत करत होतं, नागपूरला १९२५ पासून संघाची खाकी होती, १९३७ साली हिंदू महासभेचे नेते मुंजे यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली. दूर फिनलंडमध्ये, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या छोट्या देशात, गावोगावचे नागरी रक्षक सुट्टीच्या दिवशी करड्या गणवेशात नेमबाजी करत. तिथे १९३९ साली रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा सर्वांना पुरतील इतके गणवेशच नव्हते. अनेकांना सरकारने टोपीवरचा बिल्ला आणि कमरपट्टा दिला, बंदूक दिली. बाकी कपडे ज्याचे त्याचे. पंतप्रधान कायांदेर यांच्या नावावरून लोकांनी या पोशाखाला ‘कायांदेर नमुना’ असं टोचून म्हटलं. तिथे माणूस सैनिक होता आणि सरकारकडे कपडा नव्हता. कुलाब्यात माणूस सैनिक होता, सरकारच्या कोठारात कपडाही होता, फक्त त्याच्या जातीच्या मापाचा नव्हता.

दुसरं युद्ध पेटल्यावर हे माप बदलावं लागलं. जुलै १९४१ मध्ये आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तीही बेळगावातच, जिथे पेण-रोह्याचे मराठे वीस वर्षं पट्ट्या बांधायला शिकत होते. नव्या शिपायांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता.