विहीर किती एकरांना पुरेल? हिशेब आधी करा

कापड घेताना आम्ही थान उलगडून मोजून घेतो. पण शेत घेतले तेव्हा पाणी मोजले नाही. धुळे जिल्ह्यात सहा एकर काळी जमीन घेतली. श्रावणात विहीर काठोकाठ होती. ठिबकच्या दुकानदाराने फक्त एकर विचारले आणि सहा एकरांच्या नळ्यांचे बिल हातात दिले. ऑक्टोबरात कपाशीला बोंडे धरू लागली, तेव्हा विहीर तीन तासांत तळ दाखवू लागली. अर्ध्या शेतातली पाते-फुले गळून गेली. शेतीत पैसा घालू पाहणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा हिशेब मांडत आहोत.

पिकाचे पाणी मिलिमीटरमध्ये मोजतात. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर. हा आकडा पाठच करावा.

आता रोज किती मिलिमीटर लागतात? हवामान केंद्रावर उघडे बाष्पीभवन पात्र असते, सुमारे १२१ सेंटीमीटर रुंद व २५ सेंटीमीटर खोल. ऊन-वाऱ्याने त्यातले पाणी रोज किती उतरले, ते नोंदतात. उघड्या पात्रातून पाणी जास्तच उडते, म्हणून त्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणतात. त्यानंतर येतो पीक गुणांक. मुलाच्या कुर्त्याला जसे वयाप्रमाणे कापड लागते, तसेच हे आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पुस्तिकेत कपाशीचा गुणांक सुरुवातीला ०.३५, भर वाढीत १.१५ ते १.२० आणि अखेरीस ०.७० ते ०.५० दिला आहे. म्हणजे हवा तीच असली तरी लहान रोपाच्या तिपटीहून अधिक पाणी फुला-बोंडांच्या वेळी लागते. योजना याच दिवसांवर बेतावी.

समजा पात्रातले पाणी रोज ६ मिलिमीटर उतरते. ६ गुणिले ०.७ म्हणजे ४.२, त्याला १.१५ ने गुणले की ४.८३ मिलिमीटर. एकरी झाले सुमारे १९,५०० लिटर. शिवताना कतरण जाते, तसे पाणीही वाया जाते. ठिबकने शंभरातले ९० पिकाला पोहोचते असे धरले, तर रोज २१,७०० लिटर उपसावे लागतील. सरीने ६० पोहोचते धरले, तर ३२,५०० च्या वर. पाऊस झाल्यास तो वजा करावा, मात्र मुळांशी मुरलेला तेवढाच. नाल्याला गेलेला धरू नये.

दुसरी बाजू विहिरीची. २०० लिटरचे पिंप पंपाखाली ठेवून घड्याळ लावा. आमचे ३६ सेकंदांत भरले, म्हणजे तासाला २०,००० लिटर. ऑक्टोबरात तीन तास उपसा चाले, म्हणजे दिवसाला ६०,००० लिटर. ठिबकवर ते पावणेतीन एकरांना पुरते, सरीने दोन एकरांनाही नाही; आणि आम्ही सहा एकर लावून बसलो होतो! हे मोजमाप पावसाळ्यात करू नका. पिकाची भूक मोठी आणि विहीर उतरलेली, अशा दिवसांत करा.

पुढच्या वर्षी आम्ही अडीच एकर कपाशी ठिबकवर घेतली आणि बाकीत पावसावरची तूर पेरली. उरलेल्या नळ्या कापडाच्या गोदामात पडून आहेत.