‘बी’ गटाचा शर्ट

परभणीच्या सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यातला मुद्देमाल येतो तो खाकी कागदाच्या पुडक्यातून. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, आत जप्त केलेला शर्ट. पंच तो ओळखतो, पुडकं पुन्हा बांधलं जातं आणि सरकारी वकील सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टकडे वळतात. नांदेडच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा कागद: शर्टावर मानवी रक्त, गट ‘बी’. मयताचाही ‘बी’.

बरं, मग? आपल्याकडे साधारण तिघांत एक माणूस बी गटाचा. आरोपीचा स्वतःचा गट कोणता? त्याच्या नमुन्यापुढे कित्येकदा ‘गट ठरवता आला नाही’ एवढंच असतं. आणि ज्याने तपासणी केली तो समोर नसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 293) सरकारी तज्ज्ञाचा अहवाल साक्षीशिवायही पुराव्यात वाचता येतो. न्यायालय त्याला बोलावू शकतं. पण आधीच लांबलेल्या खटल्यात आणखी एक तारीख कुणाला हवी असते?

न्यायाधीशांच्या हाताशी विज्ञानाचा जाणकार असणं आपल्या कायद्याला परकं नाही. पेटंट कायद्याचं कलम 115 न्यायालयाला स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमू देतं. हरित न्यायाधिकरणात तज्ज्ञ सदस्य न्यायाधीशांच्या शेजारीच बसतो. औषधाच्या पेटंटसाठी आहे ती सोय जन्मठेपेच्या खटल्यात नाही.

2022 मध्ये दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावलेल्या तिघांना सोडलं. डीएनए अहवालाचा आधार काय, तंत्र नीट वापरलं का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी पाहिलंच नाही, असं निकालात म्हटलं. पाहायचं ते कुणाला विचारून, हा प्रश्न उरलाच.

सल्लागार हवाच, पण चेंबरमध्ये नको. चहाच्या कपावर त्याने जे समजावलं, त्याचा उलटतपास कोण घेणार? त्याने प्रश्न लेखी काढून द्यावेत, प्रत दोन्ही वकिलांना मिळावी. शर्ट वाळवून बांधला की ओलाच? ओला बांधला तर रक्त कुजतं, गट लागत नाही. पुडकं ठाण्यात किती दिवस पडून होतं? आरोपीचं रक्त पुन्हा का घेतलं नाही?

यांतलं एकही उत्तर प्रयोगशाळेकडे नाही. ती तपासी अंमलदाराकडे आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराकडे आहेत. साक्ष अधिनियमाच्या कलम 168 खाली न्यायाधीश ती त्यांना आजही विचारू शकतात. अडचण एवढीच की सी.ए. रिपोर्ट कधी कधी हवालदाराची साक्ष आटोपल्यावर येतो, आणि मग त्याला पुन्हा समन्स काढावं लागतं.