दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक होती तेव्हा

सीबीएसईने, म्हणजे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, २०११ ते २०१७ या काळात बारावीपर्यंतचे वर्ग असलेल्या शाळांतील विद्यार्थ्यांना दहावीला बोर्डाऐवजी शाळेचीच परीक्षा देण्याची मुभा ठेवली होती. प्रमाणपत्रावर गुणांऐवजी ‘ए-१’सारख्या श्रेणी असत आणि श्रेणीगुणांच्या सरासरीला ९.५ ने गुणून टक्केवारी काढली जाई. मात्र अकरावीला मंडळ बदलणाऱ्यांना बोर्डाची परीक्षा द्यावीच लागे. त्यामुळे शिरढोणसारख्या पनवेल तालुक्यातील गावांतून ज्यांना मुलांना पुढे राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात घालायचे होते, त्या पालकांसाठी ही सवलत नावापुरतीच उरे, कारण शाळेची परीक्षा निवडणे म्हणजे मुलाला सीबीएसईतच ठेवणे, आणि हुशार मुलाची वाट अशी पंधराव्या वर्षीच बांधून टाकणे हे थोडे ओझे नव्हे. २०१८पासून बोर्डाची परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली.